अंजिराची काडी, चीक आणि ऊन

ऑक्टोबरमधली गोष्ट. मुरबाड तालुक्यातल्या एका गावातून सहा वर्षांचा मुलगा ओपीडीत आला. सोबत आई आणि आजी. उजव्या हाताच्या पाठीवर आणि मनगटाच्या वर लालभडक पट्टे, त्यावर पाण्याचे फोड. केसपेपरवर ‘भाजणे’ असं आधीच लिहून झालं होतं. कशानं भाजलं, यापुढची जागा मात्र कोरी होती, कारण त्यावर दोघींचं एकमत नव्हतं. आजी सांगत होत्या, “मॅडम, उलथन्याचा चटका हाय हा. पोरगं दंगा करतं म्हणून हिनं दिला.” आई मान खाली घालून एवढंच म्हणाली, “मी हात नाय लावला.”

चटक्याला आकार असतो. तापलेल्या उलथन्याचा डाग सपाट आणि कडेनं स्पष्ट उठतो. हे पट्टे वाकडेतिकडे होते, ओघळासारखे. एक तर मनगटावरून थेट कोपराच्या दिशेनं गेलेला. शिवाय चटका बसला तर मूल तेव्हाच घर डोक्यावर घेतं. हा मुलगा दिवसभर खेळला होता आणि लाली दुसऱ्या दिवशी दिसली, हे आजीच सांगत होत्या. मी आईचे हात बघायला मागितले. बोटांच्या बेचक्यांत तिलाही बारीक फोड होते.

“ताई, परवा घरी काय कापत होता?”

“अंजिराच्या काड्या.”

झालं होतं असं. आशाताईंनी तपासणीत तिला रक्त कमी असल्याचं सांगितलं. अंजीर खाल्लं की रक्त वाढतं, असं कुणीतरी सुचवलं. नवरा टेम्पो घेऊन सासवडकडे जातो, त्यानं ओळखीच्या बागेतून छाटणीच्या चार काड्या आणल्या. तिनं अंगणात बसून त्या कोयत्यानं तोडल्या, मुलानं टोकं धरली. तोडलेल्या जागेतून पांढरं दूध ओघळलं, ते त्याच्या हातावर आलं. मग तो उन्हात खेळायला गेला.

अंजिराच्या पानांत आणि कोवळ्या फांद्यांच्या चिकात सोरालेन आणि बर्गाप्टेन नावाची द्रव्यं असतात. नुसती कातडीला लागली तर ती फारसं काही करत नाहीत. पण त्यावर उन्हातले अतिनील-अ किरण पडले की ती पेशींमधल्या डीएनएला चिकटतात आणि पेशी मरतात. लाली साधारण एका दिवसानं दिसते, दोन-तीन दिवसांत फोड येतात, ते बरे झाल्यावर तपकिरी डाग राहतो आणि तो कधी कधी महिनोन्‌महिने जात नाही. याला फायटोफोटोडर्मटायटिस म्हणतात. नाव लांबलचक असलं तरी मामला साधा आहे: चीक अधिक ऊन. लिंबाच्या रसानंही असंच होतं. उन्हात लिंबू सरबताचा स्टॉल लावणाऱ्यांच्या हातावर हे डाग पाहायला मिळतात. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत अशा मुलांच्या नोंदी आहेत, ज्यांच्या अंगावरचे डाग बघून आधी घरच्यांवरच मारहाणीचा संशय घेतला गेला.

गंमत म्हणजे हेच द्रव्य औषधही आहे. बावचीच्या बियांत सोरालेन असतं आणि कोडावर बावची आपल्याकडे फार जुन्या काळापासून वापरली जाते. आधुनिक त्वचारोगतज्ज्ञही सोरालेन देऊन मोजून-मापून अतिनील-अ किरणांचा उपचार करतात. मात्र ‘मोजून-मापून’ हा शब्द इथे महत्त्वाचा. कोडावर अंजिराचा चीक लावून उन्हात बसणारे रुग्ण मी पाहिलेत, ते कोडाऐवजी फोडांच्या उपचारासाठी येतात. टाचांच्या भेगांना वडाचा चीक लावायची आपल्या खेड्यांत सवय आहे. त्या भरवशावर अंजिराचा चीक लावू नये.

आजी हे सगळं ऐकत होत्या. सुनेकडे न बघता त्यांनी विचारलं, “मग त्या काड्या फेकून देऊ का?”

मी नको म्हटलं. अंजीर लावण्यात धोका काहीच नाही, तोडताना थोडी काळजी घेतली की झालं. आणि अंजीर काडीपासूनच लावायचं असतं. आपल्या पुणे जातीच्या अंजिराला फळ धरायला परागीभवन लागत नाही. उंबरात जसे बारीक चिलट शिरून फुलं फळवतात, तसं इथे होत नाही, त्यामुळे फळातल्या बिया बहुतेक पोकळ असतात. पुरंदरच्या ज्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या बागा म्हणूनच काड्यांपासून वाढत आल्या आहेत. एका अर्थी ते सगळं एकच झाड, हजारो ठिकाणी उभं असलेलं.

घरात काडी रुजवायची तर पेन्सिलीएवढी जाड, पिकलेल्या लाकडाची, वीतभर लांब आणि तीन-चार डोळे असलेली काडी घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली, कारण मुळं तिथून जोमानं फुटतात. वरचा काप तिरका ठेवला तर वर-खाली ओळखायला सोपं जातं. उलटी लावलेली काडी सहसा जगत नाही, कारण मूळ फोडणारं ऑक्सिन हे संजीवक काडीत वरून खाली वाहतं. काप सावलीत घ्यावा, हातात रबरी मोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी असावी. चीक वाहता असेपर्यंत काडी पाण्यात धरावी, मग पुसून तासभर सुकू द्यावी. हात कोपरापर्यंत साबणानं धुवावेत. आणि मुलांना यातलं काहीही धरायला देऊ नये, ती मदत करायला कितीही उत्सुक असली तरी.

आता पाणी. बहुतेक काड्या तहानेनं मरत नाहीत, बुडून मरतात. मूळच नसलेल्या काडीला भरपूर पाणी पिता येत नाही, पण श्वास मात्र तिला घ्यावाच लागतो. कोकोपीट किंवा धुतलेली वाळू मुठीत दाबली तर थेंब पडू नये, इतपतच ओली हवी. खाली भोक पाडलेल्या पारदर्शक बाटलीत ती भरायची, काडीचे दोन डोळे आत, उरलेले वर, आणि वरून सैल पिशवी. बाटली उजेडात ठेवावी, उन्हात नको. दोन-तीन आठवड्यांत वर हिरवं पान दिसतं आणि घरात आनंद होतो. तो अर्धाच खरा. ते पान काडीत साठलेल्या पिठावर, म्हणजे शिलकीवर निघालेलं असतं. मुळं अजून यायची असतात. याच वेळी लोक हौसेनं पाणी घालतात, कौतुकानं उन्हात ठेवतात, आणि काडी जाते. सालीवर पांढरे ठिपके फुगले तर ती बुरशी समजून घाबरू नये. ती काडीची श्वासाची छिद्रं, ओल जास्त झाल्याची खूण. साधारण महिना-दीड महिन्यानं बाटलीच्या कडेला पांढरी मुळं दिसली की मगच कुंडी.

बरेच जण काडी सरळ ग्लासभर पाण्यात ठेवतात. त्यातही मुळं येतात. पण पावसाळ्याच्या शेवटी, शहापूर-मुरबाडमध्ये डेंग्यूचे रुग्ण येत असतात त्या दिवसांत, मला तो ग्लास बघवत नाही. एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. आरोग्यसेवक घरोघर कंटेनर तपासतात तेव्हा अळ्या फुलदाणीत, मनीप्लँटच्या बाटलीत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये सापडतात. घरचे म्हणतात, “अहो, पाणी स्वच्छ आहे की!” नेमकं तेच तर डासाला हवं असतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि काडीला मूळ फुटायला महिना लागतो. नुसतं पाणी ओतूनही भागत नाही. अंडी ग्लासच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेलगत चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. ज्यांना पाण्यातच काडी ठेवायची आहे त्यांनी आठवड्यातून एकदा, घरच्या ‘कोरड्या दिवशी’, पाणी मातीवर ओतून ग्लास घासणीनं घासावा. मला विचाराल तर वाळूच बरी.

रक्ताचं मात्र मी तिला स्पष्ट सांगितलं. शंभर ग्रॅम सुक्या अंजिरात लोह दोन-तीन मिलिग्रॅम असतं आणि सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम. अंजीर चांगलं फळ आहे, तंतुमय आहे, पोट साफ राहतं. पण आज लावलेल्या काडीला फळ येईपर्यंत तिच्या हिमोग्लोबिनला थांबता येणार नाही. शिवाय पुरंदरच्या कोरड्या हवेतलं हे झाड आमच्याकडच्या पावसात तांबेऱ्यानं पानं गाळतं. पडवीच्या कडेला, मोठ्या कुंडीत, पावसाच्या माऱ्यापासून बाजूला ठेवलं तर घरापुरती फळं मिळतील, बाजारापुरती नाहीत. “गोळ्या रोज, जेवणानंतर, चहाबरोबर नको,” असं सांगून महिन्याच्या गोळ्या दिल्या.

मुलाचे फोड फोडले नाहीत. थंड पाण्याच्या पट्ट्या, साधं मलम, आणि आठवडाभर पूर्ण बाह्यांचा शर्ट. चीक लागल्याचं लगेच कळलं तर साबणानं धुऊन दोन दिवस ती जागा झाकून ठेवली तरी बरंच टळतं. खिडकीच्या काचेतूनही अतिनील-अ किरण आत येतात, त्यामुळे ‘घरातच होतो’ यावर फार विसंबू नये. चीक डोळ्यात गेला किंवा फोड मोठे आले तर दवाखाना गाठावा. टूथपेस्ट आणि चुना लावू नये, हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी कुणीतरी लावून येतंच.

केसपेपरवरचा ‘भाजणे’ हा शब्द मी खोडला आणि खाली कारण लिहिलं. आजींनी ते वाचून दाखवायला सांगितलं, दोनदा.

दिवाळीनंतर तिघं परत आले. मुलाच्या हातावर फिकट तपकिरी पट्टा उरला होता. आईचं हिमोग्लोबिन थोडं वाढलं होतं. काड्यांचं विचारलं तर चारांपैकी एकीला मूळ आलंय म्हणाली, बाकी तीन कुजल्या.

“आत्याबाईंनी पाणी फार घातलं,” ती हळूच म्हणाली. आजी खिडकीबाहेर बघत होत्या.