मोठ्या पार्टीशी टाय-अप करताय? आधी ओरलँडो आणि डेम्पोची गोष्ट वाचा



मागच्या महिन्यात दुकानात एक मुलगा आला. करंजीकडचा, पंचविशीच्या आतला, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये चार पानं. म्हणाला, "दादा, नगरचा डिस्ट्रिब्युटर सब-डीलरशिप देतोय. बोर्ड फुकट, रॅक फुकट, माल ४५ दिवसांच्या उधारीवर. उद्या सही करायची आहे. करू का?"

मी त्याला चहा पाजला आणि फुटबॉलची गोष्ट सांगितली. तीच रविवारच्या व्हिडिओत घाईघाईत सांगितली, तर बऱ्याच जणांनी विचारलं, तिसगावात मोटर-पंप विकणाऱ्या माणसाचा फुटबॉलशी काय संबंध? खरं आहे. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी टेनिस बॉलचं क्रिकेट चालतं, फुटबॉल फारसं कुणी बघत नाही. पण मोठ्या आणि छोट्या धंद्याची हातमिळवणी कशी चालते आणि कुठे फसते, हे फुटबॉल क्लबांइतकं उघड कुठेच दिसत नाही. आपल्या धंद्यातले करार कपाटात राहतात. त्यांचे निकाल पेपरात छापून येतात.

अमेरिकेपासून सुरू करू. तिथली वरची लीग म्हणजे एमएलएस. खाली यूएसएल प्रो नावाची छोटी लीग होती. वरच्या क्लबांची अडचण अशी की पंचवीस-तीस खेळाडू पगारावर, मैदानात एका वेळी अकरा. बाकीचे बसून. तरुण पोरगा बसून राहिला तर त्याचा खेळ गंजतो. खालच्या क्लबांची अडचण उलटी. मैदान आहे, प्रेक्षक आहेत, मॅचेस आहेत, पण चांगला खेळाडू घ्यायला पैसा नाही. जानेवारी २०१३ मध्ये दोन्ही लीगनी करार केला. वरच्या क्लबने खालचा एक क्लब जोडीदार म्हणून निवडायचा आणि निदान चार खेळाडू त्याच्याकडे उसने पाठवायचे. त्याला ते 'लोन' म्हणतात. खेळाडूचा मूळ करार वरच्या क्लबकडेच राहतो आणि वरच्याला गरज पडली की तो परत बोलावता येतो.

मोबाईलच्या दुकानात कंपनीचा टी-शर्ट घातलेला प्रमोटर उभा असतो ना, तसंच. पगार कंपनीचा, उभा तुमच्या काउंटरला. तुमचा सेल वाढतो, त्याला गिऱ्हाईक हाताळायचा अनुभव मिळतो. पण कंपनीने उद्या त्याला शेवगावला पाठवला तर तुम्ही अडवू शकत नाही.

पहिल्या वर्षी चार जोड्या जमल्या. त्यातली एक होती स्पोर्टिंग कॅन्सस सिटी आणि ओरलँडो सिटी. कॅन्ससकडे डॉम ड्वायर नावाचा इंग्लंडमध्ये जन्मलेला स्ट्रायकर होता. २०१२ मध्ये घेतलेला, पण वरच्या टीममध्ये नंबर लागत नव्हता. त्याला ओरलँडोला पाठवलं. पठ्ठ्याने १३ सामन्यांत १५ गोल केले. मग जे व्हायचं तेच झालं, मूळ मालकाने हंगामाच्या मध्येच त्याला परत बोलावलं. मात्र प्लेऑफच्या वेळी पुन्हा ओरलँडोला सोडलं. सप्टेंबर २०१३ च्या फायनलमध्ये ओरलँडोने शार्लट ईगल्सला ७-४ ने हरवलं. सातातले चार गोल ड्वायरचे. स्टेडियममध्ये २० हजारांवर लोक. खालच्या लीगच्या मॅचला वीस हजार!

हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये एमएलएसने ओरलँडोला वरच्या लीगमध्ये घेतल्याचं जाहीर केलं आणि २०१५ पासून ते वर खेळू लागले. ड्वायर कॅन्ससला परत गेला आणि २०१४ च्या हंगामात त्याने लीगमध्ये २२ गोल केले. दोघांचं भलं झालं. गंमत म्हणजे २०१७ मध्ये ओरलँडोने त्याच ड्वायरला कॅन्ससकडून घेतलं, आणि त्यासाठी १६ लाख डॉलरपर्यंतची रक्कम मोजायची तयारी दाखवली. जो आधी उसना मिळाला होता, त्याचीच ही किंमत. माल तुमच्या दुकानात चालला म्हणून तो तुमचा होत नाही.

आता कुणी म्हणेल, ओरलँडोला मोठ्या क्लबने वर काढलं. मला तसं वाटत नाही. ओरलँडोने ही लीग २०११ मध्येही जिंकली होती, तेव्हा असा कुठलाच करार नव्हता. प्रेक्षक त्यांचे स्वतःचे होते. ड्वायर आला नसता तरी गर्दी होतीच, तो आल्यावर ती गर्दी सगळ्यांच्या डोळ्यांत भरली, एवढंच.

दुसरी जोडी बघा. फिलाडेल्फिया युनियन वरचा, हॅरिसबर्ग सिटी आयलँडर्स खालचा. खेळाडू येत-जात राहिले. पण दरम्यान वरच्या क्लबांना एक गोष्ट कळली. जोडीदार कशाला, आपलीच दुसरी टीम खालच्या लीगमध्ये उतरवू. कोच आपला, खेळायची पद्धत आपली, कुणाला खेळवायचं तेही आपणच ठरवणार. लॉस एंजेलिसच्या गॅलेक्सी क्लबने २०१४ मध्ये हे सर्वांत आधी केलं. २०१६ मध्ये फिलाडेल्फियानेही बेथलेहेम स्टील नावाची स्वतःची टीम त्याच खालच्या लीगमध्ये उतरवली. कालचा जोडीदार आज समोरचा प्रतिस्पर्धी झाला! हॅरिसबर्गने २०१८ ला नाव बदलून पेन एफसी केलं आणि त्याच हंगामानंतर खेळणं थांबवलं. फक्त जोडीदार गेल्यामुळेच ते बंद पडले असं मी म्हणणार नाही. छोट्या क्लबाला मरायला शंभर कारणं असतात, छोट्या दुकानासारखीच. पण हे शंभरातलं एक होतं असं मला वाटतं. २०२२ पासून तर एमएलएसने एमएलएस नेक्स्ट प्रो नावाची लीगच काढली, मुख्यतः आपल्या दुसऱ्या टीमसाठी.

बीबीएला आम्हाला 'स्ट्रॅटेजिक अलायन्स' असा धडा होता. आठ मार्कांचा. फायदे लिहा, तोटे लिहा. मोठा जोडीदार तुमच्याकडून धंदा शिकून स्वतःचं दुकान टाकतो, हे त्या आठ मार्कांत कुठे होतं ते मला आठवत नाही.

मला ते दुकानात कळलं. सुरुवातीच्या वर्षांत मी एका पंपाचा सब-डीलर होतो. वॉरंटी कार्डावर शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाईल नंबर लिहायचा आणि कार्डाचा अर्धा भाग दर शनिवारी वर पाठवायचा. मी तीन वर्षं इमानदारीत पाठवला. चौथ्या उन्हाळ्यात वरच्या पार्टीने याच रोडला स्वतःचा काउंटर टाकला आणि माझ्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन गेले, "साहेब, सर्व्हिस आता डायरेक्ट आमच्याकडे." नाव कुणाचं घेत नाही, त्यांनी कागदाबाहेरचं काहीच केलं नव्हतं. कागदात गिऱ्हाइकाच्या यादीबद्दल एक ओळ नव्हती, आणि मी विचारलंही नव्हतं. त्या हंगामात माझा पंपाचा सेल निम्म्यावर आला. मी टिकलो तो जळालेली मोटर भरून देणाऱ्या कारागिरामुळे. तो माझ्याकडे होता आणि शेतकरी त्याला ओळखत होते. रात्री नऊला फोन आला तरी तो गाडी काढायचा.

आता आपल्या जवळचं उदाहरण, गोव्याचं. इथे 'मोठा कोण' हाच प्रश्न अवघड आहे, म्हणून मला ते जास्त आवडतं.

डेम्पो हा गोव्याचा जुना क्लब. राष्ट्रीय लीग पाच वेळा जिंकलेला, २००४-०५ आणि २००६-०७ ला नॅशनल फुटबॉल लीग, मग २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ ला आय-लीग. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल आली. टीव्ही, फिल्मस्टार, परदेशी खेळाडू, सगळा झगमगाट. कागदावर तेव्हा आय-लीगच देशातली वरची लीग होती, पण पैसा आणि कॅमेरे आयएसएलकडे होते. आयएसएल फक्त ऑक्टोबर ते डिसेंबर चालायची, आय-लीग त्यानंतर. म्हणजे तेच खेळाडू दोन्हीकडे वापरता येत होते. एफसी गोवा नावाची नवी टीम आली, कोच ब्राझीलचा झिको, मालकांमध्ये श्रीनिवास डेम्पो. म्हणजे जुन्या क्लबचा मालक नव्या टीममध्येही भागीदार. डेम्पोचे बरेच खेळाडू उसने गेले: लक्ष्मीकांत कट्टीमणी, मंदार राव देसाई, क्लिफर्ड मिरांडा, रोमिओ फर्नांडिस. पहिल्याच वर्षी एफसी गोवा सेमीफायनलला पोचली.

खेळाडूंचं नशीब उघडलं. रोमिओ २०१५ मध्ये ब्राझीलच्या अॅटलेटिको पॅरानेन्सकडे गेला. मंदार पुढे अनेक वर्षं एफसी गोवाकडे राहिला, मग २०२० मध्ये मुंबई सिटीकडे जाऊन २०२०-२१ ची आयएसएल जिंकला. पोरांसाठी हा सौदा सोन्यासारखा होता, यात वाद नाही.

आणि डेम्पो? त्याच २०१४-१५ च्या आय-लीगमधून डेम्पो खालच्या डिव्हिजनमध्ये उतरले. पाच वेळा चॅम्पियन झालेला क्लब! जिद्दीने पुढच्या वर्षी दुसरी डिव्हिजन जिंकून परत आले. पण २०१६ मध्ये आयएसएलला वरची लीग करून आय-लीगला खाली ठेवायचा प्रस्ताव आला, तेव्हा साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांच्यासोबत डेम्पोनेही आय-लीग सोडली. ज्या लीगला त्यांनी खेळाडू दिले, तीच त्यांच्या डोक्यावर बसायला निघाली होती. नंतर ते गोव्यातल्या स्पर्धांत खेळत राहिले, पोरं घडवत राहिले, आणि २०२४-२५ ला पुन्हा आय-लीगमध्ये आले, आता मात्र ती दुसऱ्या पायरीची लीग.

मी यात कुणाला खलनायक करत नाही. डेम्पोने खेळाडू दिले नसते तरी ते गेलेच असते, पैसा तिकडेच होता. पण एक विचार करून बघा. माल दिला, माणसं दिली, आणि बदल्यात पुढच्या पाच वर्षांत आपली जागा कुठे असेल हे लिहून घेतलं का? वर दोन्ही बाजूंना ओळखीचाच माणूस असला की आपण ते विचारत नाही. गावात तर अजिबात नाही. "मामाच आहेत, लिहून काय घ्यायचं?"

मुंबई सिटीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे उसनवारी नव्हती, सरळ मालकीच होती. मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२०-२१ ला टीमने लीग शील्ड आणि ट्रॉफी दोन्ही जिंकल्या, आणि पुढचे दोन कोच ग्रुपच्याच मेलबर्न सिटीमधून आले, २०२१ ला डेस बकिंगहॅम, २०२३ ला पीटर क्रॅटकी. डिसेंबर २०२५ मध्ये आयएसएलचंच भवितव्य लटकलं आणि ग्रुप बाहेर पडला, हिस्सा मूळ मालकांकडे परत. एवढं मोठं नावसुद्धा सहा वर्षांत निघून जाऊ शकतं. तुमचा नगरचा डिस्ट्रिब्युटर तर वर बसलेल्या कंपनीच्या एका ईमेलवर बदलतो.

तर त्या करंजीच्या मुलाची चार पानं आम्ही काउंटरवर पसरली. पहिल्याच पानावर त्याला 'भागीदार' म्हटलेलं. तो खूश होता. मी म्हटलं, आधी हा शब्द काढायला सांग. १९३२ च्या भागीदारी कायद्यात भागीदार हा फर्मच्या सगळ्या देण्याला जबाबदार असतो. तुला नफ्यात वाटा नाही, फक्त कमिशन आहे. मग 'अधिकृत विक्रेता' लिहा. उगाच मानाच्या शब्दासाठी भांडणाला वाट ठेवू नका.

मग त्याला विचारायला सांगितलं: न विकलेला माल परत घेणार का, आणि किती दिवसांत? गिऱ्हाइकांची यादी कुणाची? करार संपला तर किती दिवस आधी सांगणार? माझ्याकडे काम शिकलेला मुलगा तुम्ही नेणार नाही, असं लिहून देणार का? आणि किती किलोमीटरच्या आत दुसरा काउंटर टाकणार नाही? बोर्डाबद्दलही सांगितलं. बोर्ड फुकट घे, पण दुकानाचं नाव कंपनीच्या नावापेक्षा लहान ठेवू नकोस. कंपनी गेली तर बोर्ड उतरेल, तेव्हा लोकांना तुझं नाव माहीत असलं पाहिजे.

परवा त्याचा फोन आला. माल परत घ्यायचं आणि ६० दिवसांच्या नोटीसचं त्यांनी लिहून दिलं. 'भागीदार' शब्दही काढला. गिऱ्हाइकांच्या यादीवर मात्र अडलंय. "कंपनीची पॉलिसी आहे" म्हणतात. मी म्हटलं, ठीक आहे, वॉरंटी कार्ड त्यांना दे, पण तुझी वही वेगळी ठेव, नाव-गाव-नंबर, पंपाचा हॉर्सपॉवर, बोअर किती फूट, शेवटची दुरुस्ती कधी. त्यावर कुणाची पॉलिसी चालत नाही. तो सोमवारी सही करणार आहे. वहीचा नमुना मी पुढच्या रविवारच्या व्हिडिओत दाखवतो.