कळसूबाईची चढण

महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कोणतें, या प्रश्नाचें उत्तर शाळेंतील लहान मूलही देईल. परंतु तेथें जाणारी वाट अशीच कां, हें विचारणारा विद्यार्थी विरळाच. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारें ५४०० फूट. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोलें व नाशिक जिल्ह्यांतील इगतपुरी या तालुक्यांच्या सीमेवर हें शिखर आहे. नेहमींची वाट भंडारदऱ्याजवळील बारी गांवांतून निघते.

भातखाचरें मागें टाकलीं कीं चढ लागतो. कांहीं वेळ चढ, मग थोडी सपाटी, पुढें उभा कातळ, पुन्हां सपाटी, असा क्रम माथ्यापर्यंत चालतो. या क्रमाचें मूळ डोंगराच्या जन्मांत आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूमीला भेगा पडून तप्त लाव्हारस बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. त्यांतील कठीण, भरीव थरांनीं ऊनपावसास दाद दिली नाहीं. त्यांचे कडे झाले. सच्छिद्र, मऊ थर झिजून त्यांच्या माच्या व उतार बनले. भूशास्त्रज्ञ या खडकास ‘ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. नांव अगदीं यथार्थ. मात्र या जिन्याच्या पायऱ्या राक्षसाच्या मापाच्या आहेत!

जेथें पायरी फार उंच, तेथें आतां लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. त्यामुळें पालक निर्धास्त होतात. पण माझ्या मतें शिडीवर मनुष्य जितका बेफिकीर असतो, तितका उघड्या कातळावर नसतो. शिवाय मधूनमधून हातांचें काम पडतेंच. तेथें दोन हात व दोन पाय यांपैकीं तीन स्थिर असल्यावांचून चौथा हलवूं नये. धरावयाचा दगड आधीं हलवून पाहावा. वर असलेल्यानें पाऊल जपून टाकावें, कारण निसटलेला धोंडा खालच्या सोबत्याच्या माथ्यावर जातो. उभ्या जागीं उतरतांना तोंड कातळाकडे असावें; नवशिके दरीकडे तोंड करतात, मग पाय थकलेले, टाच टेकेना आणि हातांना धरावयास कांहीं नाहीं, अशी त्यांची अवस्था होते. पावसाळ्यांत शेवाळानें हाच खडक साबणासारखा होतो. वैशाखांत दुपारीं ढग दाटूं लागले, तर देऊळ समोर दिसत असलें तरी परतावें. मेघगर्जनेच्या वेळीं लोखंडी शिडी हा फार वाईट सोबती होय.

माथ्यावर कळसूबाईचें लहानसें देऊळ आहे. नवरात्रांत तेथें यात्रा भरते. कळसू ही रानावनांत रमणारी कोळ्याची मुलगी. भांडीं घासणें व केर काढणें हीं कामें सांगावयाचीं नाहींत, या अटीवर ती एका कोळी कुटुंबांत चाकरीस राहिली. एके दिवशीं तींच कामें तिला सांगितलीं गेलीं. तिनें तीं मुकाट्यानें केलीं आणि डोंगर चढून गेली, ती पुन्हां खालीं आली नाहीं, अशी दंतकथा आहे. भांडीं घासलीं तें स्थळ ‘थाळे मेळ’ म्हणून ओळखलें जाई.

हिवाळ्यांतील स्वच्छ सकाळीं येथून पश्चिमेस अलंग, मदन व कुलंग, दक्षिणेस भंडारदऱ्याचा जलाशय आणि त्यापलीकडे रतनगड, हरिश्चंद्रगड दिसतात. नीट न्याहाळल्यास त्या सर्वांच्या अंगावर तेच आडवे पट्टे, एकाखालीं एक, ओळखूं येतात.