पत्त्यांच्या डावातून निघालेलं विशेषण

जर्मनीत गाडी बंद पडली की ती ‘कापुट’. खेळणं मोडलं की कापुट, संसार मोडला तरी कापुट आणि दिवसभर राबून अंगात त्राण उरलं नाही की माणूसही कापुट! इतकं अस्सल जर्मन वाटणारं हे विशेषण मूळचं जर्मन नाही. ते फ्रान्सहून आलं, तेही पत्त्यांच्या डावातून.

‘पिके’ नावाचा जुना फ्रेंच खेळ दोघांत, 32 पत्त्यांनी खेळतात. प्रत्येकाला 12 पत्ते मिळतात, म्हणजे डावात 12 हात. बाराच्या बारा हात एकाने ओढले की दुसरा ‘कापो’ झाला आणि जिंकणाऱ्याला 40 गुण जादा मिळाले. मेंढीकोटात ज्याच्यावर कोट चढलाय, त्याला त्या पराभवाची चव वेगळी सांगायला नको. 17व्या शतकात हा शब्द जर्मनीत शिरला. तो काळ तीस वर्षांच्या युद्धाचा, 1618 ते 1648चा. डावातला सफाया मग रणांगणावरचा सफाया झाला. पुढे माणसांवरून तो वस्तूंवर आला आणि घराघरात मोडक्या सामानाला चिकटला.

अर्थाचा हा प्रवास सुरस आहेच, पण खरी नवलाई व्याकरणात आहे. सुरुवातीला हा शब्द ‘कापुट होणं’, ‘कापुट करणं’ असा क्रियापदाच्या आधारानेच वावरायचा. हळूहळू तो नामाच्या आधी बसू लागला आणि जर्मनच्या तिन्ही लिंगांचे प्रत्ययही त्याला लागले. खुर्ची जर्मनमध्ये पुल्लिंगी, म्हणून ‘कापुटर’. दार स्त्रीलिंगी, म्हणून ‘कापुटे’. मोटार नपुंसकलिंगी, म्हणून ‘कापुटेस’. आपल्या मोडका, मोडकी, मोडकंसारखंच!

डचमध्ये तोच शब्द ‘कापॉट’ आहे आणि तिथेही तो व्याकरणात पुरता मुरला आहे. मोडकी सायकल म्हणजे ‘कापॉटे’ सायकल. पण ‘एक फुटका ग्लास’ म्हणताना प्रत्यय गळतो आणि नुसतं ‘कापॉट’ उरतं, कारण ग्लास तिथे नपुंसकलिंगी आहे आणि डचचा नियमच तसा आहे. एखाद्या दुःखाने खचून गेलेला माणूसही तिथे स्वतःला कापॉट म्हणवतो.

उत्तरेला स्वीडिशमध्ये मात्र चित्र पालटतं. तिथल्या ‘लाल’ या विशेषणाची रूपं लिंग-वचनाप्रमाणे बदलतात; कापुट एक गाडी असो वा दहा, तसंच राहतं. इंग्रजीत विशेषणांना लिंग-वचनाचे प्रत्ययच नाहीत, म्हणून तिथे शब्दाची जागा पाहायची. ‘पंखा कपुट आहे’ ही रचना इंग्रजीत सहज येते; ‘कपुट पंखा’ मात्र कानाला खटकतो. म्हणजे अर्थ सगळीकडे जवळजवळ एकच आणि वागण्याची तऱ्हा भाषेगणिक निराळी.

खुद्द जर्मनमध्येही सगळ्या उसन्या विशेषणांचं नशीब सारखं नाही. लॅटिनमधून आलेला ‘रोझा’, म्हणजे गुलाबी, नामाच्या आधी खुशाल बसतो. पण प्रमाणभाषेत प्रत्यय घेत नाही. शेवटी ‘आ’ असल्यामुळे प्रत्यय लावायचा कुठे, ही अडचण. बोलीभाषेने मात्र मध्ये ‘न’ घालून तोडगा काढलाय : ‘रोझानेस’!

हे वाचताना मराठी माणसाने आपल्या बोलण्याकडे कान द्यावा. फारसीच्या वाटेने आलेली तीन आकारान्त विशेषणं घ्या. ‘ताजा’ पूर्ण आपला झाला : ताजा मासा, ताजी भाजी, ताजं दूध. ‘जादा’ नामाच्या आधी बसतो, पण बदलत नाही : जादा पगार, जादा गाडी, जादा काम. ‘जादी गाडी’ कुणी म्हणत नाही. आणि ‘रवाना’? गाडी रवाना होते, पत्र रवाना होतं. पण ‘रवाना गाडी’ आपण म्हणत नाही. जर्मन कापुट, जर्मन रोझा आणि इंग्रजी कपुट यांच्या तिन्ही तऱ्हा आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत.

हे नियम आपल्याला कुणी शाळेत शिकवलेले नाहीत, तरी त्यांत आपली चूक होत नाही. तेव्हा एखादा परका शब्द कानावर पडला की त्याचा अर्थ विचाराच, पण त्याला ‘-ई’ आणि ‘-अं’ लावूनही बघा. तो भाषेत किती मुरलाय, ते तिथेच कळतं.