लोणीच्या उन्हात भूत जोलोकिया आणखी तिखट होईल का?

आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, लोणी-धामणीच्या बाजूला, एक गोष्ट सगळ्यांना पाठ असते: पाणी कमी प्यालेली मिरची जास्त तिखट. बागायतातली मिरची दिसायला चकचकीत, पण ठेच्याला कोरडवाहूच हवी. जुन्नरच्या आणे पठारावरही हेच ऐकायला मिळतं. मासवडीचा रस्सा करणाऱ्या बायका तर मिरची कुठल्या रानातली आहे हे विचारून मगच मूठ भरतात.

याच गोष्टीवरून माझ्या चुलत भावाने एक गणित मांडलं. "ताई, भूत जोलोकिया आसामात पावसात भिजून एवढी तिखट होते, तर आपल्या कोरड्या रानात किती होईल? वीस गुंठ्यांत लावतो." बियाण्याच्या पाकिटावर 'दहा लाख स्कोव्हिल' असं छापलेलं होतं. बी महाग, ठिबकचा खर्च वेगळा, आणि हे सगळं उसनवारीवर.

मी वनस्पतिशास्त्रात पीएचडी करते. पाण्याचा ताण पडला की झाडाच्या आत काय बदलतं हा माझा विषय. मिरची हे माझं पीक नाही. पण प्रश्न ताणाचाच आहे, म्हणून उपलब्ध संशोधन वाचून काढलं. थोडक्यात उत्तर असं: गावातली समजूत बरीचशी खरी आहे, पाकिटावरचा आकडाही कुठेतरी खरा ठरलेला आहे, पण दोन्हींची बेरीज करून निघणारं गणित खरं नाही. का, ते सविस्तर बघू.

तिखटपणा नेमका असतो कुठे

मिरची उभी चिरली की आत एक पांढरट गर दिसतो, ज्याला बिया चिकटलेल्या असतात. शास्त्रीय भाषेत त्याला प्लासेंटा म्हणतात. कॅप्सेसिन आणि त्याची भावंडं इथे तयार होतात. बियांमध्ये ती तयार होत नाहीत. बिया तिखट लागतात त्या गराला चिकटून असल्यामुळे. म्हणून आपल्या नेहमीच्या मिरचीचा गर नीट काढला की तिखटपणा बराच उतरतो. अतितिखट वाणांचं मात्र वेगळं आहे. त्यांच्यात सालीच्या आतल्या बाजूवरही कॅप्सेसिनच्या बारीक पिशव्या असतात, त्यामुळे गर काढूनही फारशी सुटका होत नाही.

आणि तिखट ही मुळात चव नाहीच. आपल्या जिभेवर आणि कातडीवर टीआरपीव्ही१ नावाचं एक प्रथिन असतं, जे साधारण ४३ अंशांच्या वर उष्णता गेली की 'भाजतंय' असा निरोप मेंदूकडे धाडतं. कॅप्सेसिन त्याच प्रथिनाला चिकटतं आणि खोटाच निरोप जातो. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने हे १९९७ मध्ये दाखवलं आणि २०२१ च्या नोबेलमध्ये या कामाचा मोठा वाटा होता. पक्ष्यांच्या टीआरपीव्ही१वर कॅप्सेसिनचा असा परिणाम होत नाही, म्हणून पोपट मिरच्या मजेत खातो.

पाकिटावरचा आकडा

१९१२ मध्ये विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधतज्ज्ञाने एक साधी युक्ती काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं आणि चाखणाऱ्या पाच जणांपैकी बहुतेकांना तिखट लागेनासं झालं की थांबायचं. जितकं पातळ करावं लागलं तितके स्कोव्हिल एकक. आता हे काम एचपीएलसी यंत्राने होतं: कॅप्सेसिनचं प्रमाण मोजतात आणि त्याचं स्कोव्हिलमध्ये रूपांतर करतात. शुद्ध कॅप्सेसिन १ कोटी ६० लाख एकक धरलं जातं.

हे मोजमाप वाळलेल्या मिरचीवर करतात. शिवाय ते एका ठिकाणच्या, एका हंगामातल्या, ठरावीक झाडांच्या मिरच्यांचं असतं. भूत जोलोकियाचा प्रसिद्ध आकडा, १०,०१,३०४, हा अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीने केलेल्या लागवडीचा. २००७ मध्ये गिनेसने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याआधी २००० मध्ये आसामातल्या तेजपूरच्या मिरचीचा आकडा ८,५५,००० आला होता. पुढे कॅरोलिना रीपर आली आणि २०२३ पासून पेपर एक्स २६,९३,००० वर आहे. पाकिटावर छापतात ते अशा विक्रमांपैकी काहीतरी. तुमच्या परसातल्या झाडाने तो करार केलेला नसतो. एकाच झाडावरच्या दोन मिरच्यासुद्धा सारख्या तिखट नसतात.

जनुक 'हो की नाही' ठरवतं, 'किती' ते नाही

कॅप्सेसिन बनवायला पन१ नावाचं जनुक धड असावं लागतं. ढोबळी मिरचीत या जनुकाचा एक तुकडा गळालेला आहे, म्हणून ती तिखट होतच नाही, कितीही ताण द्या. जनुक धड असलं की तिखटपणा येतो, पण किती येईल यात इतर बऱ्याच जनुकांचा आणि परिसराचा हात असतो: तापमान, पाणी, खत, फळ झाडावर किती दिवस राहिलं. फूल उमलल्यावर साधारण वीस दिवसांनी कॅप्सेसिन दिसू लागतं, चाळीस-पन्नास दिवसांच्या आसपास ते सर्वाधिक असतं आणि नंतर हळूहळू मोडू लागतं.

ताणाचं खरं काय

आता मुख्य मुद्दा. पाण्याचा ताण पडला की आपल्याकडच्या मध्यम तिखट मिरचीत दोन गोष्टी घडतात. एक, फळ लहान राहतं, त्यामुळे सालीच्या मानाने गराचा वाटा वाढतो. दोन, झाडाच्या आतला कच्चा माल वेगळ्या वाटेला लागतो. फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लापासून झाड लिग्निनही बनवतं आणि कॅप्सेसिनही. वाढ थंडावली की कॅप्सेसिनकडे जास्त माल वळू शकतो. म्हणजे लोणीची मिरची मंचरच्या बागायती मिरचीपेक्षा तिखट लागते यात भ्रम नाही. फक्त झाडाला मिरच्या कमी लागतात हेही तितकंच खरं.

पण वेगवेगळ्या वाणांना ताण देऊन केलेल्या प्रयोगांत एक गोष्ट दिसते: कमी आणि मध्यम तिखट वाणांत कॅप्सेसिन वाढतं, आधीच खूप तिखट असलेल्या वाणांत ते वाढतंच असं नाही, कधी घटतंसुद्धा. भूत जोलोकियाबाबत तर आपल्याच देशातला पुरावा आहे. ही मिरची ग्वाल्हेरला लावून बघितली गेली आणि २००५ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष आले: तेजपूरच्या तुलनेत ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत तिखटपणा निम्म्याहून कमी झाला. बी तेच, जागा वेगळी.

असं का व्हावं? याचा धागा मिरचीच्या माहेरी सापडतो. मिरची मूळची दक्षिण अमेरिकेची. पोर्तुगीजांमुळे आपल्याकडे आली. सातवाहनांच्या काळात नाणेघाट चढून जुन्नरला येणाऱ्या मालात मिरी असू शकेल, मिरची नव्हे. बोलिव्हियात कॅप्सिकम चाकोएन्से नावाची एक जंगली मिरची आहे. तिच्या एकाच रानात काही झाडं तिखट, काही बिनतिखट. जोशुआ ट्यूक्सबरी आणि सहकाऱ्यांनी तिथे वर्षानुवर्षं काम केलं. ढेकणांच्या जातीचे किडे फळाला भोकं पाडतात, भोकांतून बुरशी आत शिरते आणि बिया नासवते. कॅप्सेसिन त्या बुरशीला रोखतं. ओल जास्त तिथे बुरशी जास्त, म्हणून पावसाळी भागात जवळपास सगळी झाडं तिखट. कोरड्या भागात बिनतिखट झाडांचं प्रमाण वाढतं. २०१२ मध्ये याच गटाने तिखटपणाची किंमतही मोजली: पाणी कमी पडलं तेव्हा तिखट झाडांनी बिनतिखट झाडांच्या जेमतेम निम्म्या बिया धरल्या. त्यांच्या पानांवर रंध्रं जास्त असतात, पाणी लवकर उडतं.

म्हणजे तिखटपणा हा झाडासाठी खर्च आहे, आणि तो ओल्या प्रदेशात परवडतो. जंगली मिरचीचा निष्कर्ष जसाच्या तसा भूत जोलोकियाला लावता येणार नाही, ती वेगळी जात आहे. पण आसामच्या दमट हवेत वाढलेलं झाड कोरड्यात का मागे पडत असेल, याची दिशा त्यातून कळते.

आपल्या दोन तालुक्यांत हीच उतरंड एसटीच्या प्रवासात दिसते. पश्चिमेला आहुपे, माळशेज, जिथे आषाढ-श्रावणात ढग उठतच नाहीत. मध्ये घोडेगाव, नारायणगाव. पूर्वेला लोणी आणि आणे पठार, जिथे पाऊस वाट बघायला लावतो. गावरान लवंगी पूर्वेला जास्त झणझणीत होईल. भूत जोलोकियाला मात्र सावली आणि ओल असलेलं परस मानवण्याची शक्यता जास्त.

'मग न्यू मेक्सिको तरी कुठे दमट आहे?' असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. तो मुलूख कोरडाच, पण तिथली शेती सिंचनावर चालते. हवा कोरडी असणं आणि मुळाला पाणी न मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भावाला मी एवढंच म्हटलं की वीस गुंठ्यांआधी वीस झाडं लाव, मिरच्या वाळवून प्रयोगशाळेतून कॅप्सेसिन मोजून घे आणि तो आकडा हातात आल्यावर व्यापाऱ्याशी बोल. शंभर ग्रॅम खाण्यात महिने काढणारी ही मिरची आहे. गिऱ्हाईक आधी शोधायचं, रान नंतर नांगरायचं.

परसात लावायची असेल तर

बी फेब्रुवारीत टाका. भूत जोलोकिया उगवायला दोन ते चार आठवडे सहज घेते, आणि माती कोमट, २५ ते ३० अंशांची लागते. रोपं जूनच्या तोंडावर लावली की फळधारणा दमट महिन्यांत येते. एप्रिल-मेच्या ३५ अंशांपुढच्या उन्हात फुलं गळतात आणि जुन्नरच्या डिसेंबरमधल्या थंड रात्री झाड आखडून बसतं. शेवग्याची किंवा सीताफळाची विरळ सावली चालेल. पश्चिमेकडे गादीवाफा उंच करा. मिरचीला ओल हवी, पण मुळाशी साचलेलं पाणी नको.

पानं वळली की सगळे 'बोकड्या आला' म्हणतात, पण कारणं वेगळी असतात. पानाच्या कडा वर वळल्या तर बहुधा फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी. पानं बारीक, पिवळट होऊन झाडच खुजं राहिलं तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्यावर औषध नाही, झाड उपटून टाकायचं. परसातल्या चार झाडांसाठी शेतातलं जहाल औषध वापरू नका. ५ टक्के निंबोळी अर्क आणि निळे-पिवळे चिकट सापळे आधी करून बघा.

एक प्रश्न हमखास येतो: शेजारी भूत जोलोकिया लावली तर ढोबळी तिखट होईल का? या हंगामात नाही. गर आणि साल आईच्या पेशींची असते, परागाचा परिणाम फक्त आतल्या बीवर होतो. ते बी पुढच्या वर्षी लावलं तर मात्र गंमत दिसू शकते, कारण तिखटाचं जनुक प्रभावी असतं. भूत जोलोकिया वेगळ्या जातीची असल्याने हा संकर तितका सहज होत नाही; गावरान मिरची आणि ढोबळीचा सहज होतो. म्हणून आजीच्या वेळची मिरची जपायची असेल तर बियांसाठीच्या दोन-तीन फांद्यांना कळी असतानाच मलमलची पिशवी बांधा. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागावर फळ धरतं.

भूत जोलोकिया तोडताना हातमोजे घाला. हात भाजलेच तर आधी तेल चोळा, मग साबण. कॅप्सेसिन नुसत्या पाण्यात विरघळत नाही. तोंडाला दूध किंवा दही. लहान मुलांच्या हाताला लागेल अशा जागी झाड नको.

घरी करता येणारा प्रयोग

ताणाचं म्हणणं स्वतः तपासायचं असेल तर गावरान मिरचीवर तपासा (भूत जोलोकियावर अजिबात नको). एकाच फळाच्या बियांपासून सहा रोपं, सारख्या कुंड्या, सारखी माती. फुलं येईपर्यंत सगळ्यांना सारखं पाणी. मग तीन कुंड्यांना रोज पाणी आणि तिघांना पानं मलूल झाल्यावरच. फूल उमलेल त्या दिवशी देठाला दोरा बांधून तारीख लिहा आणि बरोबर ४५ दिवसांनी तोडा. हे चुकलं तर वयाचा फरक ताणाचा वाटेल. वाळवून, पूड करून, दोन्हींची एकेक ग्रॅम पूड लिटरभर गरम साखरपाण्यात रात्रभर ठेवून गाळा. नंतर दर वेळी अर्धं द्रावण घेऊन तितकंच साधं साखरपाणी मिसळत जा. कुठला पेला कुठला हे चाखणाऱ्याला कळू देऊ नका, आणि दोन घोटांत पाच मिनिटं जाऊ द्या, कारण जीभ बधिर होते. एका मिरचीला दुसरीपेक्षा एक पायरी जास्त लागली तर ती साधारण दुप्पट तिखट.

आहुपे, घोडेगाव आणि लोणी अशा तीन ठिकाणच्या वाचकांनी एकाच फळाचं बी वाटून घेऊन हे केलं तर फारच छान. पायऱ्यांचे आकडे मला पाठवा, पुढच्या लेखात एकत्र मांडते.