उसाच्या फडात कोणता बोअर?

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत वीस-बावीस दिवसांत तीन जीव गेले. संतापलेल्या लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला, वनखात्याची गाडी पेटवली आणि अखेर नरभक्षक ठरवलेल्या बिबट्याला नेमबाजांनी गोळी घातली. असे काही घडले की घोड-भीमेच्या काठच्या मळ्यांत, शिरूरपासून दौंडपर्यंत, बंदुकीच्या परवान्याचा विषय निघतोच. आणि परवान्याचा विषय निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: घ्यायची तर कोणती आणि किती बोअरची, म्हणजे नळीच्या पोकळीच्या किती मापाची? सिनेमात घोडेस्वाराच्या हातात दिसणारी, दांडा ओढून पटापट बार काढणारी आखूड ‘लिव्हर अ‍ॅक्शन’ बंदूक उसाच्या सरीत वागवायला सोयीची वाटते. या प्रश्नाचे उत्तर मात्र बोअरच्या आकड्यापासून शोधायला गेले तर चुकते. आधी जमीन, मग कायदा, मग काडतूस आणि सगळ्यात शेवटी बोअर, असा क्रम धरला तर इथे निवडीला फारशी जागाच उरत नाही.

तरी आधी ही बंदूक समजून घेऊ. चापाभोवतीच्या कड्याला जोडलेला दांडा खाली ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि वर घेतला की नवे नळीत बसते. विंचेस्टर कंपनीची १८७३ ची रायफल अशी होती. तिचे .४४-४० काडतूस पुढे कोल्टच्या रिव्हॉल्वरलाही चालू लागले, त्यामुळे कमरेच्या पट्ट्यात एकच माल बाळगून दोन्ही शस्त्रे चालत. १८९४ च्या मॉडेलसाठी आलेले .३०-३० हे मात्र खऱ्या अर्थाने रायफलचे काडतूस, लांब आणि जास्त दारूचे. आखूड नळीसाठी बोअर निवडताना आजही हेच दोन पंथ पडतात. पिस्तुली जातीच्या काडतुसातली थोडी दारू सोळा इंचांच्या नळीत पुरी जळते आणि गोळीला रिव्हॉल्वरपेक्षा जास्त वेग मिळतो. रायफलच्या काडतुसातली सगळी दारू तेवढ्या नळीत जळत नाही. उरलेली तोंडाशी जाळ आणि कानठळ्या होऊन वाया जाते, आणि हलक्या बंदुकीचा धक्का खांद्याला जास्त बसतो. शिवाय यातल्या बहुतेक बंदुकांत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावर आदळून बार उडू नये म्हणून गोळीचे नाक चपटे ठेवावे लागते, आणि चपटी गोळी हवेत लवकर मंदावते.

हा हिशेब आपल्याकडेही पूर्वीच झालेला आहे. शिरूर म्हणजे घोडनदी हे एकोणिसाव्या शतकात घोडदळाचे ठाणे होते. पूना हॉर्सचा मुक्काम तिथे असे. त्या काळी ब्रिटिश फौजेत आलेली मार्टिनी-हेन्रीही दांड्यानेच चाले, फक्त एकेका बाराची. तिच्या पायदळी काडतुसात ८५ ग्रेन दारू आणि ४८० ग्रेनची गोळी असे. घोडेस्वारासाठी आखूड कार्बाइन केली तेव्हा हा धक्का सोसवेना, म्हणून ७० ग्रेन दारू आणि ४१० ग्रेन गोळीचे वेगळे काडतूस काढावे लागले. नळी कापली की काडतूसही बदलावे लागते, हा धडा तेव्हाचाच.

पण भारतात बोअर ठरवण्यात दारूच्या गणितापेक्षा सरकारची भीती मोठी ठरली आहे. लष्करी काडतुसे प्रजेच्या बंदुकीत चालू नयेत, हे ब्रिटिशांचे धोरण. त्यापायी विसाव्या शतकाच्या आरंभी .४५० बोअरच्या रायफली आणायला बंदी झाली आणि विलायती कारागिरांना .४७० सारखे नवे बोअर काढावे लागले. आपल्याकडची .३१५ ची रायफलही याच धोरणातून आली. ईशापूरच्या कारखान्याने यंत्रणा ली-एनफिल्डची ठेवली, पण काडतूस लष्करी थ्री-नॉट-थ्रीचे (.३०३) न घेता ऑस्ट्रियन मानलिखरचे आठ मिलिमीटरचे घेतले. स्वतंत्र भारतानेही धोरण बदलले नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांनी थ्री-नॉट-थ्री आणि ७.६२ मिलिमीटरची लष्करी काडतुसे चालणाऱ्या रायफली सामान्य माणसाच्या हाताबाहेर ठेवल्या. .३८० आणि .४५५ ची रिव्हॉल्वरची काडतुसे किंवा ९ मिलिमीटर आणि .४५ ची लष्करी काडतुसे चालणाऱ्या पिस्तुलांबरोबर कार्बाइनचेही नाव त्या यादीत आहे. वीस इंचांपेक्षा आखूड नळीची छऱ्याची बंदूकही निर्बंधातच मोडते. उलट कायद्याच्या तेराव्या कलमात संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीच्या, आत आटे नसलेल्या बंदुकीला आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीला अनुकूल तरतूद आहे. ठासणीची पुरत नाही असे अधिकाऱ्याला पटले तर राखणीसाठीही बारा बोअरसारखी बंदूक देता येते. रायफल मागायची तर सबळ कारण पटवून द्यावे लागते. आखूड, दांड्याने चालणाऱ्या बंदुकीची वाट कायद्यानेच अरुंद केली आहे.

त्यातूनही कोणी वाट काढली, तरी काडतुसाचा प्रश्न उरतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. ‘शक्तिमान’ नावाची बारा बोअरची काडतुसे तिथली, .३१५ चीही तिथलीच. .३०-३० किंवा .४४-४० मात्र आपले सरकारी कारखाने बनवत नाहीत आणि सामान्य परवानाधारकाला परदेशातून शस्त्र मागवण्याची मोकळीक नाही. बंदूक कितीही नामांकित असो, दुकानात काडतूस मिळत नसेल तर तिचा उपयोग काठीइतकाच.

आता जमीन पाहू. तोडणीला आलेल्या उसात बांधावर उभे राहिले तर दोन सरींपलीकडचे दिसत नाही. खाली पाचट, वर पाने एकमेकांत गुंतलेली. तिथे शंभर मीटरवर नेम धरणारी रायफल काय कामाची? मुख्य धोका तर गोळी चुकल्यावर सुरू होतो. .३१५ ची गोळी दोन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. फायरिंग रेंजवर गोळी अडवायला मातीचा उंच बांध असतो, भीमेकाठच्या सपाट रानात तसा आडोसा नाही. उसापलीकडे कोणाची वस्ती असते, हंगामात तोडणी कामगारांच्या कोप्या असतात, पाचटात त्यांची मुले खेळत असतात. बारा बोअरचा मोठा छरा तीस-चाळीस मीटरपर्यंत कामाचा, आणि चुकला तरी काहीशे मीटरांत जमिनीला टेकतो. या रानात बंदुकीची ताकद जितकी मोजायची, तितकीच ती कुठे संपते हेही मोजायला हवे.

यावर कोणी म्हणेल, दाट उसात लांब नळी अडकते आणि दांड्याच्या बंदुकीतून दुसरा बार झटकन निघतो. मुद्दा खोटा नाही. पण दुनळीला मागे यंत्रणेची पेटी नसते. त्यामुळे तेवढ्याच नळीच्या, पेटी असलेल्या बंदुकीपेक्षा ती एकंदरीत तीन-चार इंच आखूड भरते, आणि दुसरा बार तर भरलेलाच असतो. कोणी म्हणेल, पिंपरखेडच्या बिबट्याला शेवटी गोळीनेच संपवले. खरे आहे, पण ते काम वनखात्याच्या आदेशाने प्रशिक्षित नेमबाजांनी केले, तेही भुलीच्या डार्टचा प्रयत्न फसल्यावर. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. जीव वाचवताना तो मारला गेला तर अकरावे कलम गुन्हा धरत नाही, पण घरात बंदूक आहे म्हणून त्याच्या मागावर जाण्याची मुभा कोणालाच नाही.

आणि सर्वात जड आक्षेप बंदुकीवरच येतो. त्या तीन बळींत दोन लहान मुले होती आणि एक वृद्ध महिला. त्यांच्या हाती कोणत्याही बोअरची बंदूक असणे शक्य नव्हते. बिबट्या दबा धरून, बसलेल्या किंवा वाकलेल्या माणसावर येतो. खांद्याला बंदूक अडकवलेल्या माणसालाही ती उतरवायला वेळ मिळेलच असे नाही. रानडुकरांपासून पीक राखणे आणि वस्तीवर एकट्याने राहणे, एवढ्यापुरता बंदुकीचा धीर मान्य करायला हवा, पण तेवढ्यापुरताच.

म्हणून शिरूर-दौंडच्या ज्या शेतकऱ्याला अर्ज करायचाच आहे, त्याने आखूड नळीचा मोह सोडावा आणि बारा बोअरची दुनळी मागावी. ग्रामसभेने मात्र पाणी धरायला दिवसा थ्री-फेज वीज, वस्त्यांवर उजेड आणि बंदिस्त गोठ्यांना अनुदान हे तीन ठराव आधी करावेत. जीव वाचायचे ते त्यांनीच वाचतील.