दोर सुटला, गाणे उरले

गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या महाविद्यालयातील काही मुलांनी एक इंग्रजी गाणे म्हटले. त्याचे नाव ‘वेलरमन’. एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्या सात-आठ जणांनी बाकावर हात आपटीत पालुपद उचलायचे, असा तो थाट होता. सभागृहाने ठेका धरला, ‘वन्स मोअर’ झाला. कार्यक्रम संपल्यावर आमचे एक प्राध्यापक त्या मुलांना म्हणाले, “गाणे झकास झाले. खलाशांचे श्रमगीत म्हणून तुम्ही त्याची ओळख करून दिलीत. मग मला सांगा, या गाण्यावर ओढायचे काय?”

कोणालाच उत्तर देता आले नाही. त्या मुलांत मीही होतो. त्या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले आणि ऐकले, ते येथे मांडत आहे.

या गाण्यांना इंग्रजीत ‘शँटी’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आणि अमेरिकन व्यापारी जहाजांवर ती बहरली. लढाऊ जहाजांवर माणसे भरपूर. तेथे काम शिट्टीच्या इशाऱ्यावर आणि मुकाट्याने चाले. ब्रिटिश आरमारात तर कामावर शँटी म्हणण्यास मज्जावच होता. व्यापारी जहाजाच्या मालकाला मात्र नफा पाहायचा असे. जहाज मोठे, शिडे जड आणि हात थोडे. मग त्या थोड्या हातांची ताकद एकाच क्षणी दोरावर पडावी कशी? ते काम गाण्याने केले. दोरावर एक चांगले गाणे म्हणजे दहा माणसांचे बळ, असे खलाशी म्हणत.

म्हणूनच शँटीची चाल गळ्यापेक्षा कामाने ठरे. शीड ज्या आडव्या काठीला बांधलेले असे, ती जड काठी डोलकाठीवर चढवायची झाली, तर सगळे खलाशी एका दोराला लागत. गाणे सांगणारा तो ‘शँटीमन’. तो एक ओळ एकटा म्हणे. तेवढ्या वेळात बाकीच्यांनी दम घ्यायचा, दोरावरची पकड सावरायची. मग सर्वांचे पालुपद येई आणि त्यातल्या ठराविक दोन अक्षरांवर दोन हिसके बसत. दोर थोडासाच खेचायचा असेल तर पालुपदाच्या शेवटच्या शब्दावर एकच जोरकस हिसका. नांगर उचलण्याचे काम निराळे. तेथे उभ्या रहाटाच्या दांड्यांना छाती लावून गोल गोल चालायचे असे. म्हणून त्या गाण्यांची पालुपदे लांब आणि लय संथ चालीची. जहाजात शिरलेले पाणी उपसण्याच्या पंपाची गाणी आणखी वेगळी. जाणकाराने डोळे मिटून गाणे ऐकले तरी कोणते काम चालले आहे ते त्याला कळावे!

गाण्याला ठरलेली लांबीही नसे. काम संपेपर्यंत शँटीमन कडव्याला कडवे जोडी. अधिकाऱ्याने ‘बस’ म्हटले की गाणे अर्ध्या ओळीतही तुटे. या जोडकामात कप्तानाचा कंजूषपणा, नासके अन्न, थकलेला पगार सारे येई. जे तोंडावर बोलले असता शिक्षा झाली असती, ते गाण्यात खपून जाई.

ही गाणी ‘इंग्रजांची’ म्हणून ओळखली जातात, पण ते अर्धेच खरे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स, मोबील यांसारख्या बंदरांत कापसाचे गठ्ठे मोठ्या स्क्रूने दाबून जहाजाच्या पोटात ठासणारे मजूर असत. ते गातच हे काम करीत. चार्ल्स नॉर्डहॉफ या लेखकाने १८५५ सालीच त्याचे वर्णन करून ठेवले आहे. एकाने हाक द्यायची आणि सर्वांनी साद द्यायची, ही रीत आफ्रिकी वंशाच्या मजुरांच्या श्रमगीतांत मुरलेली होती. गोरे आणि काळे मजूर त्या बंदरांत काम करीत, आणि त्यांच्याबरोबर गाणीही जहाजावर चढत. ज्यांना गुलाम म्हणून समुद्रापार नेले, त्यांच्याच वंशजांच्या गळ्याचे ऋण या गाण्यांवर आहे, हे विसरून चालणार नाही.

मग आगबोट आली. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि पूर्वेकडचा जवळचा रस्ता आगबोटींना मिळाला. शिडाच्या जहाजांना तो सोयीचा नव्हता. वाफेच्या यंत्राला दोर ओढण्यासाठी गाणे लागत नाही. काम गेले आणि गाणे बिनकामाचे झाले.

नेमक्या त्याच वेळी संग्राहक जागे झाले. सेसिल शार्प यांनी १९१४ साली इंग्लंडमधील वॉचेट या बंदरगावी जॉन शॉर्ट या पंचाहत्तरीच्या खलाशाकडून गाणी उतरवून घेतली. त्याच साली निघालेल्या शार्प यांच्या साठ शँटींच्या पुस्तकात शेहेचाळीस एकट्या शॉर्ट यांच्या आहेत. पण कागदावर येताना गाणी बदललीही. शिवराळ शब्द गाळले गेले, लांबी ठरून गेली. १९२१ साली रिचर्ड टेरी यांनी त्यांना पियानोची साथ जोडली आणि ती दिवाणखान्यात जाऊन बसली. म्हणजे ‘आधुनिकीकरण’ हे आजच्या पिढीचे पाप नव्हे. वहीत उतरविले त्या दिवशीच ते सुरू झाले.

पुढे स्टॅन हुगिल यांनी १९६१ साली चारशेहून अधिक शँटींचा मोठा ग्रंथ काढला. हुगिल स्वतः शिडाच्या जहाजावर राबलेले. १९२९ साली ‘गार्थपूल’ हे जहाज केप व्हर्दे बेटांपाशी फुटले, तेव्हा ते त्यावर होते. त्यांचे गाणे ऐकले की मधल्या थांब्यांत दोरावरची पकड बदलते आहे, असे वाटते.

आता आमचे ‘वेलरमन’. न्यूझीलंडमधील ओटागो येथे वेलर बंधूंनी १८३१ साली देवमासे मारण्याचा तळ उभारला. त्यांच्या माणसांचे, रसद आणणाऱ्या बोटीचे हे गाणे. १९६६च्या सुमारास नील कोलकून यांनी ते एका वृद्धाकडून मिळविले आणि १९७३ साली छापले. डिसेंबर २०२०मध्ये नेथन इव्हान्स या स्कॉटिश पोस्टमनने ते मोबाईलपुढे गाऊन टिकटॉकवर टाकले. टाळेबंदीत घरोघरी अडकलेल्या अनोळखी माणसांनी त्यात आपापला आवाज मिसळला आणि मार्च २०२१मध्ये त्याची नाचाच्या ठेक्यावर बसविलेली आवृत्ती ब्रिटनच्या यादीत पहिली आली.

आणि सरांच्या प्रश्नाचे उत्तर? या गाण्यावर ओढायचे काहीच नाही! ती दोर ओढण्याची शँटी नव्हेच. ते गोष्ट सांगणारे गाणे आहे. आमची ओळखच चुकली होती.

मग नवे सारे खोटे का? असे म्हणावे तर अमेरिकेतील ब्यूफोर्ट गावची हकीकत आठवते. तेथील कृष्णवर्णीय मच्छीमार मेनहेडन माशांनी भरलेली जाळी गाण्यावर ओढीत. १९५०नंतर जाळी ओढणारी यंत्रे आली आणि गाणे थांबले. १९८८ साली ते निवृत्त मच्छीमार पुन्हा एकत्र जमून गाऊ लागले आणि १९९० साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायले. जाळे नव्हते, मासे नव्हते. पण ती खोटी गाणी होती, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

हे वाचीत असताना सुटीत मी आजीला जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगितल्या. खुर्चीवर बसून, माझ्या मोबाईलकडे पाहत तिने दोन म्हटल्या आणि म्हणाली, “बाबा, आता आठवत नाही रे.” मागच्या पडवीत जाते पडून होते. ते पुसून तिच्यापुढे मांडले, मूठभर तांदूळ टाकले. खुंटा हातात येताच ओव्या सुरू झाल्या. अकरा मी मोजल्या. मग मोजायचे विसरलो. ओव्या तिच्या स्मरणात नव्हत्या, हातात होत्या.

तेव्हापासून नव्या ठेक्यावर बसविलेले लोकगीत ऐकले की मी नाक मुरडत नाही. आवडले तर ठेकाही धरतो. मात्र सरांचा तो प्रश्न मनात एकदा विचारून घेतो : हे गाणे म्हणताना कोणाचे हात कशात गुंतले होते? उत्तर मिळाले, की तेच गाणे दुसऱ्यांदा अधिक चांगले ऐकू येते. येत्या स्नेहसंमेलनात गाणाऱ्या मित्रांनी तेवढे एक वाक्य तरी गाण्याआधी सांगावे, एवढीच विनंती.