शाळेतली तपासणी झाली, मग पोर धावायला फिट आहे का?

शाळांच्या क्रीडा स्पर्धा जवळ आल्या की आम्हाला इथे मसोलीत आणि तिकडे तलासरीतही पालक एकच प्रश्न विचारतात. ‘शाळेत डॉक्टर येऊन गेले, मग पोरगं धावायला फिट आहे ना?’ तेवढ्यावरून सांगता येत नाही, हे आमचं उत्तर. का, ते आज बघू.

शाळेत गाडी येते ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. हा कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक नर्स असते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी व्हावी असा नियम आहे. जन्मतः असलेलं व्यंग, जीवनसत्त्वं-लोह यांची कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर, या चार गोष्टी ते शोधतात. वजन, उंची, डोळे, दात, कान, त्वचा. काम चांगलं आहे, आम्ही त्याला नावं ठेवत नाही. पण ही तपासणी बसलेल्या मुलाची असते. धावताना त्याला काय होतं, हे विचारल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून खेळाडू मुलाला आधी विचारायचं: धावताना कधी चक्कर येऊन पडलास का? छातीत दुखतं का? इतरांपेक्षा लवकर दम लागतो का? आणि घरच्यांना विचारायचं, कुटुंबात कुणी तरुण वयात अचानक गेलं का? यातलं एक जरी ‘हो’ आलं, तरी आधी डॉक्टर, मग मैदान. स्टेथोस्कोपने हृदय ऐकून घ्यायचं, रक्तदाब बघायचा. घसा दुखून ताप आला आणि पुढे सांधे सुजले, असं कधी झालं असेल तर तेही सांगा. त्या आजाराने हृदयाच्या झडपा खराब होतात.

आता आपल्या भागातला खरा मुद्दा, सिकलसेल. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे हा गुण टिकून राहिला, कारण वाहकाला गंभीर मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. म्हणून आदिवासी पट्ट्यात तो जास्त दिसतो. 1 जुलै 2023 ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, उद्दिष्ट 2047 चं. शाळेत साधारण सोल्युबिलिटी टेस्ट होते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे, एवढंच कळतं. मूल नुसतं वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही! त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. पॉझिटिव्ह चिठ्ठीवर थांबलात तर अर्धंच उत्तर घेऊन घरी आलात.

आणि फरक मोठा आहे. वाहक मुलाला खेळ बंद करायचं काही कारण नाही. फक्त सराव हळूहळू वाढवायचा, पाणी भरपूर, भर दुपारी शर्यत नको, ताप-जुलाब असतील त्या दिवशी सुट्टी. पायात गोळे येऊन तो बसला तर ‘नाटकं करतो’ म्हणून उठवायचं नाही, सावलीत न्यायचं, पाणी द्यायचं आणि बरं वाटलं नाही तर दवाखान्यात. अमेरिकेत मोठ्या कॉलेजांच्या खेळाडूंची ही तपासणी 2010 पासून बघितली जाते, तीसुद्धा खेळातून काढायला नव्हे, जपायला.

रुग्ण मुलाचं वेगळं. त्याने काय आणि किती खेळायचं, हे डॉक्टरांनी ठरवायचं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळीसुद्धा त्याने विचारूनच घ्यावी. रक्त कमी दिसलं की लोह द्या, हा हिशेब इथे दरवेळी लागू पडत नाही.

राहिली अडचण पाठपुराव्याची. दिवाळीनंतर कितीतरी घरं वीटभट्टीवर जातात, पोरंही सोबत. नोंद शाळेच्या रजिस्टरात, मूल भिवंडीकडे. तेव्हा मास्तर-बाईंकडून त्या चिठ्ठीचा फोटो आईबापांच्या मोबाईलवर घ्याच. पुढची तपासणी डहाणू किंवा कासा इथल्या उपजिल्हा रुग्णालयात, नाहीतर तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा. आणि 10 व्या, 16 व्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस राहिली असेल तर त्याच फेरीत उरकून घ्या.